परदेशातल्या छायाचित्रण परिसंवादासाठी निवड झाली आहे : व्हिसा, प्रिंट, स्लाइड, करार यांची तयारी कशी करावी?

तिपाई

युरोपातल्या एका शेंगेन (सामायिक व्हिसा असलेल्या देशगटातल्या) देशात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण परिसंवादासाठी निवड झाली आहे. अजून चार महिने हातात आहेत. स्वरूप असं : २० मिनिटांचं सादरीकरण (प्रश्नोत्तरं धरून), सामूहिक प्रदर्शनात ४० × ६० सेंमीचे १० प्रिंट आणि पोर्टफोलिओ परीक्षणाच्या तीन बैठका. राहण्याची सोय आयोजकांची, वर थोडं मानधन. तिकीट आपलं आपण.

अडलेले मुद्दे :

१. व्हिसासाठी आमंत्रणपत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं? मानधनामुळे काही गुंतागुंत होते का?
२. प्रिंट इथून न्यावेत, कुरिअरने पाठवावेत की तिथेच काढून घ्यावेत?
३. प्रोजेक्टरवर चित्रं धुरकट आणि फिकी दिसतात. आधीच काही बंदोबस्त करता येतो का?
४. सोबत दोन कॅमेरे, बॅटऱ्या आणि थोडी फिल्म असेल.
५. करारात 'जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत वापराचा हक्क' असं कलम आहे. सही करावी का?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

शिक्कामोर्तब

व्हिसाचं आधी बघा, कारण बाकी सगळं पैसे टाकून शेवटच्या आठवड्यात उरकता येतं, हे येत नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, पण कागद तपासायचे ठरवले तर ती ४५ दिवसांपर्यंत जाते. शिवाय भेटीची वेळ मिळेपर्यंतच अनेक ठिकाणी बराच काळ जातो. त्यामुळे चार महिने वाटतात तितके जास्त नाहीत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि मृतदेह किंवा रुग्ण परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला. हे शेवटचं कलम नसलेल्या स्वस्त पॉलिसी बऱ्याच असतात आणि अर्ज तिथेच अडकतो.

आमंत्रणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं. त्यात तुमचं नाव पासपोर्टावर आहे त्याच अक्षरांत (मधलं नाव, आडनाव यांचा क्रमही तोच), पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, कार्यक्रमाच्या तारखा आणि स्थळाचा पूर्ण पत्ता, तुमची भूमिका (वक्ता आणि प्रदर्शक), कोणता खर्च कोण करणार हे मुद्देवार, आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, थेट फोन. 'आम्हाला तुमच्या सहभागाचा आनंद होत आहे' छापाचं गोड पत्र वकिलातीच्या काही कामाचं नसतं. कोण, कधी, कुठे, का आणि कोणाच्या पैशाने, एवढी पाच उत्तरं त्यात हवीत.

तारखांमध्ये प्रदर्शन लावण्याचे आणि उतरवण्याचे दिवसही घालून घ्या. पत्रात फक्त परिसंवादाचे तीन दिवस आणि तिकीट नऊ दिवसांचं असेल, तर उरलेल्या सहा दिवसांचा हिशेब तुम्हाला द्यावा लागतो. जोडून शेंगेनबाहेरच्या देशात डोकावून परत यायचं असेल, तर अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. एका प्रवेशाच्या व्हिसावर बाहेर पडलात की परतीचं दार बंद.

मानधन लपवू नका आणि त्याला दुसरं नावही देऊ नका. प्रवासखर्चाची भरपाई वेगळी आणि कामाचा मोबदला वेगळा. मोबदल्याला अल्पकालीन व्हिसा चालतो का, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं, म्हणून वकिलातीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. शेंगेनचे मुक्कामाचे नियम सामायिक आहेत, कामाचे नाहीत. इतर देशांत याचे नियम आणखी वेगळे. उदाहरणार्थ अमेरिकेत बी-१ (व्यावसायिक भेटीच्या) व्हिसावर विद्यापीठांकडून मानधन घेता येतं, पण एका संस्थेत नऊ दिवसांपेक्षा जास्त काम नाही आणि सहा महिन्यांत पाचापेक्षा जास्त संस्थांकडून नाही. मानधनातून तिथे कर कापला जाऊ शकतो. दोन देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल, तर आपल्या कर खात्याकडून रहिवासी दाखला आधीच काढून ठेवा. पैसे मिळाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

---

ग्लासीन

प्रिंटबद्दल. फ्रेम केलेलं काहीही इथून नेऊ नका, हे पहिलं. ४० × ६० म्हणजे ०.२४ चौरस मीटर. दोन मिमी काचेचं वजन चौरस मीटरला पाच किलो, म्हणजे एका फ्रेमला नुसती काच १.२ किलो आणि दहांची १२ किलो. लाकूड, पाठ, खोका वेगळेच. आणि काच फुटली की तिचे तुकडे प्रिंटवर ओरखडे काढतात. तेच दहा प्रिंट ३०० ग्रॅमच्या कॉटन कागदावर सुटे नेले तर सगळे मिळून पाऊण किलोच्या आत बसतात.

आयोजकांना विचारा : फ्रेम तिथे मिळणार का, तिचं आतलं माप काय, माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) खिडकी किती, आणि ४० × ६० हे चित्राचं माप की कागदाचं? या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चारही बाजूंनी किमान तीन-चार सेंमी कोरा कागद सोडा. हाताळताना बोटं तिथे लागतात, माउंटच्या बिजागऱ्या तिथे बसतात आणि कोपरा दुमडलाच तर चित्र वाचतं.

रिझोल्यूशनची फार चिंता नको. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल ६० सेंमीला साधारण २५४ पीपीआय (इंचाला पिक्सेल) देते आणि भिंतीवर तेवढं पुरतं. ३०० चा हट्ट धरून फाइल फुगवली तर नवा तपशील येत नाही, धारदारपणाची कृत्रिम कड मात्र दिसायला लागते.

नळी की सपाट? ४० × ६० साठी सपाटच. प्रत्येक प्रिंटवर आम्लमुक्त ग्लासीन (गुळगुळीत अर्धपारदर्शक कागद), सगळा गठ्ठा पातळ पॉलिथिनच्या पिशवीत, वर-खाली पाच मिमी फोमबोर्ड, त्याबाहेर कडक पत्र्याची किंवा प्लायची पाटी, कडा टेपने बंद. कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करून प्रिंट खालच्या बोर्डाला अडकवा, म्हणजे गठ्ठा आत सरकत नाही. कागद नुसता दाबून धरला असेल तर विमानाच्या हादऱ्यांत मॅट पृष्ठभाग एकमेकांवर घासून चकचकीत डाग पडतात, आणि ते जात नाहीत. सगळं ५० × ७० × ५ सेंमीत बसतं. तिन्ही मापांची बेरीज १२५, बहुतेक विमान कंपन्यांच्या १५८ च्या मर्यादेत. केबिनमध्ये मात्र हे चालणार नाही, ७० ची बाजू आडवी येते.

नळीच वापरायची असेल तर आतला व्यास कॉटन कागदासाठी १५ सेंमी घ्या. बाजारात सहज मिळणाऱ्या अरुंद नळीत जाड कागदाचा थर सुरकुततो आणि काळ्या भागात बारीक तडे दिसतात.

शाई सुकल्याचा भास फसवा असतो. प्रिंट काढल्यावर किमान २४ तास, चकचकीत आणि बराइटा कागदाला त्याहून जास्त, साध्या कागदाखाली उघडे राहू द्या. शाईतलं ग्लायकॉल हळूहळू उडत राहतं. घाईने काचेमागे बंद केलं तर काचेच्या आतून धुरकट पापुद्रा चढतो आणि प्रेक्षकांना वाटतं छायाचित्रच असं आहे. तिथे पोचल्यावरही खोका लगेच उघडू नका. विमानाच्या पोटातून थंड झालेला खोका खोलीच्या हवेत उघडला की ओलावा कागदावर बसतो. रात्रभर बंद ठेवा, आणि फ्रेममध्ये घालण्याआधी प्रिंट एक दिवस त्या हवेत राहू द्या, नाहीतर फ्रेममध्ये लाटा येतात.

---

तिपाई

आभार! तिथल्या लॅबमध्ये प्रिंट काढून घेणं कितपत भरवशाचं?

---

ग्लासीन

भरवशाचं आहे, पण आंधळेपणाने नाही. लॅबकडून त्यांच्या कागदाचा आणि मशीनचा आयसीसी प्रोफाइल (रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागवा, त्यावर सॉफ्ट-प्रूफ करा (छपाई कशी दिसेल ते पडद्यावर पाहा), काळ्या भागांत काय बुडतंय ते पाहा. फाइल टिफमध्ये, प्रोफाइल जोडलेला, अंतिम मापात आणि अंतिम धारदारपणासह द्या. 'आमच्या बाजूने सुधारणा करू का?' असं ते विचारतात, तिथे स्पष्ट 'नको' लिहा. अवघड तीन चित्रांच्या दहा-दहा सेंमीच्या पट्ट्या आधी पोस्टाने मागवा आणि दिवसाच्या उजेडाच्या, ५००० केल्विनच्या दिव्याखाली पाहा. साध्या घरगुती पिवळ्या दिव्याखाली करड्या छटा तपकिरी वाटतात.

प्रदर्शनानंतर प्रिंटचं काय होणार हेही लेखी ठरवा : परत पाठवणार, संस्थेकडे राहणार की फाडून नष्ट करणार? नष्ट करणार असतील तर फाडलेल्या प्रिंटचा फोटो मागायचा. क्रमांकित आवृत्ती असेल तर याला फार महत्त्व आहे.

---

शिक्कामोर्तब

ग्लासीन यांच्याशी एका बाबतीत मतभेद : माझं मत तिथेच काढण्याच्या बाजूने जास्त आहे, आणि कारण सीमाशुल्क.

प्रिंट कुरिअरने पाठवले की प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (मालाचं वर्णन आणि किंमत सांगणारं कच्चं बिल) लागतो. त्यात 'किंमत शून्य' किंवा 'व्यापारी मूल्य नाही' एवढंच लिहिलं की पार्सल थांबतं, कारण अधिकाऱ्याला आकडा लागतोच. पुन्हा प्रिंट काढायला येईल तो खर्च लिहा आणि विम्याच्या कागदावरही तोच आकडा ठेवा. विमा दोन हजारांचा आणि इन्व्हॉइस वीसचा असेल, तर नुकसान झाल्यावर भरपाई वीसचीच मिळते आणि संशय फुकट. वर्णनात 'छायाचित्रांचे प्रिंट, प्रदर्शनासाठी, परत नेणार' असं लिहा. छापील छायाचित्रांचा एचएस (सीमाशुल्काच्या वर्गवारीचा) क्रमांक ४९११.९१.

परत आणायची वस्तू असेल तर एटीए कार्नेट (तात्पुरता नेलेला माल शुल्काशिवाय नेण्या-आणण्याचा सीमाशुल्काचा दस्तऐवज) हा रीतसर मार्ग. आपल्या देशातली अधिकृत वाणिज्य संस्था तो देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि मालाच्या किमतीनुसार हमी द्यावी लागते. प्रदर्शनाच्या वस्तू आणि व्यावसायिक उपकरणं दोन्ही त्यात बसतात. विकायच्या किंवा वाटायच्या वस्तू नाहीत : कॅटलॉग, कार्ड, पोस्टर यादीत घालू नका. चार ठिकाणी शिक्के हवेत : आपल्या देशातून निघताना, तिथे शिरताना, तिथून निघताना, परत येताना. पिवळी पानं आपल्या देशातल्या निर्यात-पुनर्आयातीची, पांढरी तिकडच्या आयात-पुनर्निर्यातीची, निळी मधल्या देशातून माल जाणार असेल तर. तिथून निघतानाचा शिक्का लोक हमखास विसरतात, कारण परतीच्या विमानाची घाई असते आणि सीमाशुल्काची खिडकी वेगळ्याच कोपऱ्यात असते. तो शिक्का नाही म्हणजे माल तिथेच राहिला असं धरलं जातं आणि शुल्काची मागणी काही महिन्यांनी घरी येते. बॅग आत सोडण्याआधी शिक्का, हा क्रम ठेवा. बॅग पट्ट्यावर गेल्यावर अधिकाऱ्याला दाखवणार काय?

दहा सुट्या प्रिंटसाठी कार्नेट म्हणजे जरा अतीच. दोन कॅमेरे आणि चार लेन्सही बहुतेकदा वैयक्तिक सामान म्हणून जातात. पण अनुक्रमांकांची यादी आणि खरेदीच्या पावत्या जवळ ठेवा. जाताना विमानतळावर या अनुक्रमांकांचा दाखला देणारी सोय असेल तर वापरा, परत येताना 'हे तिकडे घेतलं का?' या प्रश्नाला तोच कागद उत्तर देतो.

लाकडी खोका करणारच असाल तर कच्चं लाकूड नको. आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनांच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आणि शिक्का मारलेलं हवं. प्लायवुडला हा नियम लागू नाही, म्हणून खोका प्लायचा करावा. फक्त त्याला ठोकलेल्या पट्ट्याही साध्या लाकडाच्या नकोत. खोका त्या पट्ट्यांमुळेच अडतो.

---

करडीपट्टी

प्रोजेक्टरचं दुखणं दोन वेगळ्या कारणांनी होतं, आणि उपाय वेगळे आहेत.

फिकेपणा बहुधा रंगपरिसराचा (फाइलमधले आकडे कोणते रंग दाखवतात ते ठरवणाऱ्या मापाचा; अडोबी आरजीबी आणि एसआरजीबी ही अशी दोन मापं). फाइल अडोबी आरजीबीत असते, सादरीकरणाचा प्रोग्राम तिचे आकडे एसआरजीबी समजून दाखवतो, आणि त्वचा, पालवी, लाल रंग सगळे मलूल होतात. निर्यात करताना एसआरजीबीत 'कन्व्हर्ट' करा. 'असाइन' करू नका : त्यात आकडे तेच राहतात, फक्त पाटी बदलते, आणि रंग आहेत तिथेच बिघडलेले राहतात.

धुरकटपणा हॉलचा. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, त्याचा काळा म्हणजे पडद्यावर पडलेला खोलीचा उजेड. व्यासपीठावरचा दिवा, दाराची फट, मागच्या रांगेतले लॅपटॉप सगळे त्यात भर घालतात आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. म्हणून सादरीकरणात सगळ्यात आधी एक तपासपट्टी ठेवा : शेजारी शेजारी चौकोन, करड्या छटा ०, ५, १०, १५, २०, ३०, ४० (२५५ पैकी) आणि दुसऱ्या टोकाला २३५, २४५, २५०, २५५. तांत्रिक चाचणीच्या वेळी व्यासपीठाचे दिवे कार्यक्रमात असतील तसेच लावून ती पाहा. २० च्या खालचं सगळं एकच दिसत असेल तर गडद चित्रांची सावल्या उचललेली दुसरी आवृत्ती वापरा. ती घरूनच तयार करून न्या, हॉलमध्ये वेळ मिळत नाही. प्रोजेक्टर 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोडवर असेल तर 'एसआरजीबी' किंवा 'सिनेमा' करून घ्या, की-स्टोन सुधारणा (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सोय) शक्यतो शून्यावर आणा. तिच्यामुळे प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि चित्र मऊ पडतं.

पार्श्वभूमी काळी. पांढऱ्या पार्श्वभूमीने डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि सावल्या आणखी बुडतात.

आता माप. बहुतेक ठिकाणी १९२० × १०८०, तरी आधी विचारून घ्या, कारण १९२० × १२०० चे प्रोजेक्टरही सर्रास असतात. ३:२ चं आडवं चित्र १०८० उंचीत १६२० रुंद येतं, उभं मात्र ७२० रुंदच. म्हणजे पडद्याचा पाच-अष्टमांश भाग रिकामा आणि उभी चित्रं आडव्यांच्या मानाने अंगाने निम्म्याहून कमी. मालिकेत उभी-आडवी मिसळ असेल तर उभ्यांच्या जोड्या लावा. नाहीतर प्रेक्षक नकळत उभ्यांना कमी महत्त्वाची समजतो.

पॉवरपॉइंट सेव्ह करताना चित्रं आपोआप दाबतो. पर्यायांत जाऊन 'चित्रं दाबू नका' ही खूण करा, आणि ती चित्रं घालायच्या आधी करा. देवनागरीतली शीर्षकं असतील तर दुसऱ्याच्या मशीनवर जोडाक्षरं तुटतात, म्हणून पीडीएफची प्रत सोबत ठेवा, फॉन्ट जडवलेली. पेनड्राइव्ह दोन, दोन वेगळ्या बॅगांत. लॅपटॉप स्वतःचा असेल तर एचडीएमआयचा जोडही स्वतःचा.

वेळ : २० मिनिटं म्हणजे बोलायला १५. परभाषेत, श्रोत्यांचीही ती परभाषा असताना, मिनिटाला ११० शब्दांपेक्षा वेग नको. मजकूर साधारण १६५० शब्दांचा लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. चित्रं ३५–४० पुरेत. दुभाषे असतील तर मजकूर आणि गावांची, माणसांची, तंत्राची नावं दोन आठवडे आधी पाठवा. ऐन वेळी सुधारलेला मजकूर दुभाष्यांना दिला नाही तर जुनाच अनुवाद ऐकू येतो, आणि चित्राशी त्याचा मेळ बसत नाही.

---

फिक्सर

चौथा मुद्दा राहिला. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, चेक-इनमध्ये अजिबात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत बहुतेक ठिकाणी अडचण नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन सुट्या, १६० च्या वर बंदी. वॉट-तास म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास : ७.२ व्होल्टची २००० मिलिअँपिअर-तासांची कॅमेरा बॅटरी म्हणजे जेमतेम १४.४. पॉवर बँक ३.७ व्होल्टवर मोजा : २०,००० ची ७४, ३०,००० ची मात्र १११. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतात, म्हणून छापील आकडा वाचता येतोय ना ते बघा. टोकांवर चिकटपट्टी किंवा प्लास्टिकची टोपी.

फिल्म चेक-इनमध्ये कधीच नाही, तिथली किरणं फार तीव्र असतात. केबिनसाठी पूर्वी आयएसओ ८०० च्या खालची फिल्म निर्धास्त जायची. नव्या सीटी स्कॅनरना ते लागू नाही, कमी वेगाची फिल्मही धुरकटते. डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. शिशाची पिशवी वापरू नका : आत काही दिसत नाही म्हणून बॅग पुन्हा स्कॅनरमध्ये जाते.

---

कलम_सात

तुमच्या पाचव्या मुद्द्याबद्दल. ते कलम जसंच्या तसं सही करू नका. बहुतेक वेळा ते कुठल्या तरी जुन्या नमुन्यातून उचललेलं असतं आणि विचारलं तर आयोजक बदलतात. बदली मसुदा तुम्हीच द्या, त्यांना फक्त होकार द्यावा लागेल असा : अनन्य नसलेला हक्क, फक्त या वर्षीच्या परिसंवादाचं कॅटलॉग, संकेतस्थळ आणि प्रसिद्धी यांसाठी, मुदत दोन वर्षं (छापील कॅटलॉगला मुदत नाही), प्रत्येक वापरात नाव, कापाकापी आणि वर अक्षरं छापणं लेखी संमतीशिवाय नाही, तिसऱ्याला हक्क देणं नाही, यंत्रशिक्षणासाठी (एआयला शिकवण्यासाठी) वापर नाही. भाषणाचं चित्रीकरण होणार असेल तर त्याचं वेगळं वाक्य, कारण पडद्यावरची तुमची चाळीसही चित्रं त्या चित्रफितीत जातात.

प्रसिद्धीसाठी लांब बाजू २००० पिक्सेलच्या वर देऊ नका. नाव आणि हक्काची ओळ आयपीटीसी रकान्यांत (फाइलच्या आत माहिती साठवायच्या जागांत) भरा. अनेक संकेतस्थळं ती पुसतात, म्हणून फाइलच्या नावातही घाला.

चित्रांत ओळखू येणारी माणसं असतील तर संमतीपत्रांच्या प्रती नीट लावून ठेवा, मुलांच्या बाबतीत पालकांच्या. काही देशांत आयोजक ती मागतात, आणि ऐन वेळी ती नसली तर चित्र भिंतीवरून उतरतं.

प्रदर्शनाचा विमा 'भिंतीपासून भिंतीपर्यंत' आहे का ते विचारा : निघाल्यापासून परत येईपर्यंत. अनेकदा तो फक्त दालनातल्या काळाचा असतो आणि वाहतूक उघडी पडते. प्रत्येक प्रिंटचा स्थिती-अहवाल, पुढून-मागून फोटोसह, देताना आणि घेताना दोघांच्या सह्यांनी. विक्रीचा विषय निघाला तर लक्षात ठेवा, युरोपीय महासंघाच्या मूल्यवर्धित कराच्या व्याख्येत छायाचित्र 'कलाकृती' ठरायला छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेला, सही आणि क्रमांक असलेला प्रिंट लागतो, आणि सगळ्या आकारांचे मिळून ३० पेक्षा जास्त प्रिंट चालत नाहीत. ५० ची आवृत्ती जाहीर केली असेल तर ती सवलत गेली.

---

तिपाई

हे सगळं सोनं आहे. पोर्टफोलिओ परीक्षणाबद्दल कोणी लिहील का?

---

ग्लासीन

थोडक्यात. परीक्षकांची यादी आली की लगेच प्राधान्यक्रम पाठवा, चांगल्या जागा आधी जातात. संग्रहालयाचे, प्रकाशनाचे आणि संपादनाचे परीक्षक वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. पुस्तकाची मालिका वृत्तसंपादकाला दाखवून वीस मिनिटं वाया जातात.

एकाच मालिकेची १५ ते २० चित्रं, साधारण २० × ३० सेंमी, सुटी, झाकणाच्या पेटीत. प्लास्टिकच्या कप्प्यांत नकोत : दिव्याची चकाकी येते आणि परीक्षकाला क्रम बदलून पाहता येत नाही. त्याने चार प्रिंट बाजूला काढले तर अडवू नका, त्याच वेळी क्रम लिहून घ्या. तोच बैठकीचा सगळ्यात कामाचा भाग असतो. सुरुवातीला मालिका काय आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि एकच ठोस प्रश्न ठेवा : 'क्रम चालतो का', 'रंगीत की कृष्णधवल', 'भिंत की पुस्तक'. 'कसं वाटलं?' विचारलं की 'छान' ऐकू येतं.

शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा. एक लहान कार्ड द्या, त्यावर त्या मालिकेतलं एक चित्र आणि ईमेल, बाकी काही नाही. परत आल्यावर दहा दिवसांच्या आत एक पत्र, बैठकीत त्यांनी सुचवलेल्या बदलाचा उल्लेख करून, तीन लहान जेपेग जोडून, प्रत्येकी एक एमबीच्या आत. मोठा दुवा पाठवू नका, कोणी उघडत नाही.